डोहात ओतलेली घागर

प्रिय भाऊ,

आज आखाजी, पितरांना पाणी द्यायची अक्षय तृतीया. तू गेल्यानंतरची पहिलीच. तुझ्या बायकोने तुझ्या नावाची घागर भरली, वर खरबूज ठेवलं, आणि मी ती उचलून नेऊन डोहात रिकामी केली! घरात कुणी माझ्याशी बोलत नाही, म्हणून तुझ्याशीच बोलते.

ती रडत ओरडली, "अक्का, त्यास्ले तठे तीस लागनी व्हई, नी तुम्ही मासास्ले पानी पाजतस?" तिचंही खरंच आहे, तुलाही तिकडे तहान लागली असेलच.

पण तू डोह बघायला हवा होतास रे. सातपुड्यातून येणारा आपला नाला चैतातच आटला. गार, वाहत्या पाण्यात वाढलेले ते सोनेरी खवल्यांचे हातभर मासे आता गुडघाभर गढुळात तोंडं वर काढून आ वासतात. बघवत नाही.

आठवतं? भर पावसात त्यांच्या माद्या अंडी घालायला धारेच्या उलट वर चढायच्या, तेव्हा तू जाळीवाल्यांपुढे आडवा उभा राहायचास. "गरवार शे ती. माहेरले जाई ऱ्हायनी. जाऊ द्या!" लोक हसायचे, पण जाळी गुंडाळायचे. माझं कोण ऐकतं? केळीसाठी पाणी उपसायला डोहावर डिझेल इंजिन लागलंय. मी पाइपावर ठाण मांडून बसले, तर शेजारचे आबा हात जोडून म्हणाले, "अक्का, मासा वाचाडू का केळी वाचाडू, तूच सांग." त्यांची केळी मी पाहिलीय, उभी जळतेय. मी उठले.

थंडीत ताप अंगावर काढलास. शिरपूरच्या डॉक्टरकडे चल म्हटलं तर आज-उद्या करत राहिलास. एवढी कसली घाई होती तुला? हे सगळं माझ्या गळ्यात टाकून मोकळा झालास!

एका घागरीने डोहाचं काय होणार, मला का कळत नाही? पण पाणी पडलं तिथे एक मोठी मादी सरकत आली आणि तिथेच थांबली. मग माझा पाय निघेना.

आज घरोघरी पितरांच्या घागरी भरल्यात. आता दारोदार जाऊन त्या मागणार आहे. शिव्या बसतील, बसू देत. डोहात एक मासा हलतोय तोवर मी मागत राहीन, हा माझा शब्द.

तू फक्त तिकडे आपल्या सगळ्या म्हाताऱ्यांची समजूत काढ. म्हणावं, यंदा तहान सोसा. तुम्हाला आता पुन्हा मरण नाही, माशांना आहे.

तुझी थोरली,
अक्का