पाहुण्यांपुढं रेखाला भ्या वाटलं तेव्हा

लाडके कुसुम,

सगळ्यात आधी नवऱ्या पोराची आत्याच जीपमधून उतरली, अन् उतरल्या उतरल्या माझ्या बाजेवर जाऊन बसली. तुझ्या रेखाला बघायला सिरसाळ्याचे पाहुणे आलते आज. तुला सांगितल्याबिगर घास उतरंना, म्हणून लिहायला बसले. अक्षर वाकडं हाय, समजून घे.

पोरगा बरा हाय, कमी बोलतो. तुझ्या बापासारखा न्हाई.

ऊसतोडीहून येताना ट्रॉली उलटली अन् तू गेलीस. एवढ्याशा रेखानं समदं डोळ्यांनी पाहिलं. तवापासून ट्रॅक्टरचा आवाज आला की तिचं अंग कापतं. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईनं शिकवलं, तळवे भुईला टेकव, श्वास हळू सोड, समोर दिसंल त्याचं नाव घे. मी म्हणायची, नावं घेऊन कुठं भ्या पळतं का? "पळत न्हाई आजी, पण निवतं," रेखा म्हणायची.

शेजारची काशी काल म्हणली, "पाहुण्यांना यातलं काही सांगू नका, सोयरीक मोडंल." मलाबी तसंच वाटलं.

ती चहा घेऊन आली अन् नेमका दारावरून ट्रॅक्टर गेला. पोरीनं ताट खाली ठेवलं, भुईवर बसली, कापत कापत पुटपुटाया लागली, "चूल... घागर... आजी..." आत्याबाईला वाटलं, अंगात आलं. लगबगीनं कुंकू लावलं, पदर पसरला अन् इचारती कशी, "आई, आमच्या पोराला नोकरी कधी लागंल?"

मला वाटलं, देवीच म्हणून टाकावं का? मान तरी राहिला असता.

रेखानं लांब श्वास सोडला. "आत्याबाई, देवी न्हाई. भ्या वाटतंय मला. माझी आई ट्रॉलीखाली गेली."

मग पोराची आई उठली, तिच्यापाशी भुईवरच टेकली. "आता काय दिसतंय, बाळा?"

"तुमची जोडवी."

"अजून?"

"टाचेला भेगा पडल्यात तुमच्या."

ती बाई हसली, पाय काही झाकला न्हाई. आत्या म्हणती, "मंग नोकरीचं कुणाला इचारू आता?" समदे हसले, तुझी लेकबी. का गं तू नव्हतीस तिथं?

आपल्याकडं वऱ्हाड ट्रॉलीत भरून आणायची रीत. पण रेखाच्या लग्नात ट्रॅक्टर दाराशी येऊ देणार न्हाई मी, हा शब्द हाय माझा. जीप करू देत, न्हाईतर चालत येऊ देत. पाहुणे सुपारी फोडायला येत्या बेस्तरवारी येतो म्हणलेत.

तुझी माय,
गयाबाई