ओव्हनचा पॉइंट

३ नोव्हेंबर, सोमवार
किचनच्या वायरिंगची जबाबदारी आजपासून माझी. कपाटात बसवायचा ओव्हन आलाय. रविवारी साळवींकडे बारसं, स्वप्नाची केकची पहिली ऑर्डर. ती म्हणाली, राजेंद्रला बोलवू. राजेंद्र म्हणजे तिचा भाऊ, जयगडला बंदरात इलेक्ट्रिशियन. मी म्हटलं, एका प्लगसाठी मेव्हणा कशाला.

४ नोव्हेंबर
ऑफिसातून वायरमन गंगारामला फोन. पॉइंट ओव्हनच्या मागे नको, खालच्या ड्रॉवरमागे, जमिनीपासून तीन विती. टेप कशाला? आमचा अख्खा गोठा वितींनी मोजून बांधलेला, अजून उभा आहे.

५ नोव्हेंबर, संध्याकाळ
बोर्ड बसला. बरोब्बर ओव्हनच्या पाठीत. गंगारामचा पंजा सुपाएवढा आहे, हे आज लक्षात आलं. म्हणतो, विती कोणाच्या ते तुम्ही बोललाच नाहीत. काहीतरीच. वीत मालकाचीच असते, हे काय सांगायचं? स्वप्नाला अजून बोललो नाही. उगाच टेन्शन घेते.

६ नोव्हेंबर
ओव्हन ढकलून पाहिला. मागे प्लग आडवा येतो, ओव्हन चार बोटं बाहेरच राहतो. शेजारच्या कपाटाचा दरवाजा उघडत नाही. स्वप्नाला सांगितलं, हवा खेळायला जागा लागतेच, मॉडर्न पद्धत आहे. तिने टेप आणून फट मोजली. तिचं हे मोजणं मला अजिबात आवडत नाही.

७ नोव्हेंबर
बोर्ड चिऱ्याच्या भिंतीत आत सरकवायचा ठरवलं. गंगाराम फोन उचलत नाही, म्हणून छिन्नी स्वतः घेतली. प्लास्टर पडलं, ते चालायचंच. मग मेन स्विच पडला, घरातली वीज गेली. उचलला की परत पडतो. कंट्रोलमध्ये आहे सगळं.

८ नोव्हेंबर, दुपार
राजेंद्र टेम्पो घेऊन हजर. मी बोलावलं नव्हतं. भिंत बघितली, भाऊजी, जरा पाणी द्या म्हणाला, आणि ओव्हन उचलायला लागला. एवढा राग आला मला. ओव्हन, मैदा, साचे आणि स्वप्ना, सगळं जयगडला गेलं. तात्पुरतं. ऑर्डर महत्त्वाची, असं मीच म्हणत होतो.

९ नोव्हेंबर, रविवार
बारशाला गेलो. केक झकास. सगळ्यांना सांगितलं, ओव्हनचं सगळं मीच बघितलं. स्वप्ना मागेच उभी होती. घरी कधी येतेस, विचारलं. म्हणाली, ओव्हनला जागा झाली की दोघं येऊ.

घरी काळोख. करमत नाही. शेवटी राजेंद्रला फोन केला, उद्या येशील का विचारलं.
म्हणाला, ताईला विचारून सांगतो.