मांडी विमानाने येतेय

मिरकरवाडा, रत्नागिरी
१८ जानेवारी

ती. रुपाताईस,

शिरसाष्टांग की नुसता साष्टांग, मोठ्या बहिणीला जो काय घालायचा असतो तो घातला असं समज. शाळेत पत्रलेखनाच्या दिवशी मी बहुतेक जेटीवर होतो.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. मेसेज वाचतेस, ते दिसतं मला, निळ्या खुणा येतात. पत्रावर निळी खूण येत नाही. तू वाचलंस की फाडलंस हे मला कळणार नाही, आणि ते एका परीने बरंच आहे.

इकडे सगळी खुशाल. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण लिलावात आवाज तोच. बाबांच्या बोटीला यंदा म्हाकुल बरं मिळालं. बर्फाच्या कारखान्यातल्या मांजरीला पिल्लं झाली, चार, आणि चारही बर्फाच्या गाडीखालीच झोपतात. मी त्यातलं एक घरी आणलं होतं, आईने मला पिल्लासकट बाहेर काढलं. असो. वाट सोडली बघ.

तुझा शेवटचा मेसेज पाठ झालाय. "मामा नको. नुसती मांडी पाठव."

लागलं गो मनाला. पण बरोबर आहे तुझं. ओमूचं जावळ मामाच्या मांडीवर बसवूनच काढायचं, ते त्याला तिसरं पुरं व्हायच्या आत, आणि मार्चअखेर तर वाढदिवस. पहिल्या वर्षी मी आलो नाही. गेल्या मे महिन्यात तू पोराला घेऊन अंदमानातून एवढ्या लांब आलीस, तर मी आंब्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून इंदूरला. दोन दिवसांत परतणार होतो. तिथे कुणीतरी म्हणालं उज्जैन जवळच आहे, उज्जैनमध्ये एक म्हणाला पुढे जत्रा आहे… तू परत गेल्यावर मी घरी पोचलो. आईने आठवडाभर मला नावाने हाक मारली नाही, "तो" म्हणायची.

ओमूचा फोटो बघितला. दोन शेंड्या, त्यांना लाल रबरं. शेजारणीने मुलगी समजून फ्रॉक आणून दिला म्हणे. भावजींचा चुलतभाऊ मांडी द्यायला तयार आहे, तरी तू नाही म्हणालीस, हे आईने सांगितलं. ऐकून मी उठून धक्क्यावर जाऊन बसलो.

तर येतो. नक्की येतो. चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जहाज असतं, त्याने. आपण समुद्रावरची माणसं, जहाजानेच शोभतो. विमान कशाला? आत बसून बघायचं काय, ढग? ढग इकडेही आहेत.

विमानावरून आठवलं. यंदा बंदरात मासळी सुकत घालायला जागा नाही, म्हणून मी आईला म्हटलं, वर सड्यावर एवढा कातळ तापलेला पडलाय, विमानतळाच्या कुंपणाबाहेर, ना माणूस ना गुरं. चल. टेम्पोत मांदेलीच्या पाट्या घालून गेलो, ताडपत्र्या अंथरल्या, पसरली. आई खूश. "जन्मात पहिल्यांदा अक्कल चालवलीस," म्हणाली. तासाभरात वर घारी. आधी दोन, मग आभाळभर.

तेवढ्यात कुंपणाच्या आतून एक मुलगी काठी घेऊन धावत आली. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, कमरेला फटाक्यांची पिशवी. धावपट्टीवरची पाखरं उडवायचं काम तिच्याकडे आहे, ठेक्यावर.

"ओ मावशी, उचला ते! विमान येतंय!"

"येऊ दे की. मी काय त्याच्या वाटेत बसल्ये?"

"तुमच्या घारी बसल्यात ना वाटेत!"

"माझ्या काय गो? मी पाळल्यात?"

"जेवायला तर तुम्हीच बोलावलंय! एक घार पंख्यात गेली तर विमान खाली, आणि त्याच्या आधी माझी नोकरी!"

आईने वाद अर्धा सोडला असं मी पहिल्यांदा पाहिलं. आई ताडपत्र्या गुंडाळायला लागली, ओरडणं दोघींचं चालूच, एकीचं आतून, एकीचं बाहेरून. मी टॉवेल फिरवत घारी हाकत होतो. आणि ते आलं. समुद्रावर गस्त घालतं ना, ते दोन पंख्यांचं छोटं विमान. अगदी डोक्यावरून. मी मांदेलीवर पालथा पडलो. म्हणजे पाय घसरला. मासळी निसरडी असते.

जहाजाची तारीख लागली की कळवतो. ओमूला गोड पापा. भावजींना नमस्कार.

तुझा,
सर्वेश


मिरकरवाडा
२३ फेब्रुवारी

ताई,

तुझा मेसेज मिळाला. महिनाभराने एक शब्द, तोही असा. "घसरला?"

नाही घसरला.

आता लिहितोच. मी डोळे मिटून, कानांवर हात ठेवून मांदेलीत तोंड खुपसलं होतं. उठलो तेव्हा गालाला खवले चिकटलेले, आणि कुंपणापलीकडे ती मुलगी पोट धरून हसत होती. मैना नाव तिचं. हो, मैनाच, आणि पाखरं उडवते, ते विनोद सगळे करून झालेत, तू नवीन करू नकोस. ती म्हणाली, "ए मांदेलीवाल्या, पाखरू तरी डोळे उघडे ठेवून विमानाला घाबरतं. उद्या ये, बिनमासळीचा. नि उघड्या डोळ्यांनी बघ."

मी गेलो. का गेलो ते विचारू नकोस, रिकामाच होतो.

भीती पडायची नाही गो. पडायला मी बोटीच्या डोलकाठीवरूनही पडलोय. भीती अशी की त्यातून मध्येच उतरता येत नाही. तूच हिशेब कर. शाळा मी नववीत उतरलो. वेल्डिंगचा कोर्स अर्ध्यात. जयगडच्या बोटीवरून चालत्या हंगामात. एसटीतून तर कितीदा, बाहेर काही बरं दिसलं की बेल मारायची. विमानाला बेल नाही. दार लावतात, पट्टा बांधतात, आणि मग तू कितीही म्हण, "अहो थांबा, माझा विचार बदलला." ते आठवलं तरी तळहात ओले होतात. ओमूच्या पहिल्या वाढदिवसाला मी "सीझन आहे" म्हणालो, तेव्हा मी कुठल्याच बोटीवर नव्हतो. तिकिटाचं पान उघडून बसलो होतो आणि हात ओले होते.

पहिल्या दिवशी डोळे उघडे ठेवले ते निम्मेच. दुसऱ्या दिवशी चाकं बघितली. रबर टेकलं की धुराची फुंकर निघते, पांढरी, इवलीशी. ती मला आवडली. तिसऱ्या दिवशी पंख बघितले. उतरायच्या आधी पंखाच्या मागच्या बाजूने फळ्या बाहेर येतात, खाली वाकतात, मासा कल्ले उघडतो तशा. मग रोजच जायला लागलो. एका खांबावर जाळ्याच्या शेवटच्या खोळीसारखी एक लांब पिशवी टांगलेली असते. मला वाटलं कुणी जाळं वाळत घातलंय. मैना म्हणाली, वाऱ्याची दिशा बघायला असते. आणि ताई, ऐक, विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं! बोट समोरच्या वाऱ्याला शिव्या देते, आणि याला तोच वारा हवा असतो, पंखाखाली घ्यायला. हे कळल्यावर मी संध्याकाळी बाबांना सांगितलं, बाबा म्हणाले, "मग तू पण घे समोरचा वारा, आणि डिझेलचे कॅन आण."

आता फोनमध्ये ते ॲप घेतलंय, वरून जाणारं विमान कुठलं ते दाखवणारं. लिलाव चालू असताना मी वर बघून सांगतो, हे कोचीचं, हे मस्कतचं. बंदरात मला आता पायलट म्हणतात. "पायलट, बर्फ फोड." "पायलट, पाटी उचल, विमान नंतर."

आणि एक केलं. माशांचे फुटके थर्माकोलचे खोके असतात ना, ते कापून विमान बनवलं. सड्यावर नेऊन सोडलं, तर शेपूट खाली, नाक वर, धप्प. दुसरं, तेही धप्प. मैना तारेला नाक लावून बघत होती. "नाक हलकं आहे त्याचं. तुझ्यासारखं. जरा वजन दे, म्हणजे एका दिशेला जाईल."

टोमणा होता. पण मी जाळ्याची शिशाची गोळी आणून नाकाला बांधली. सोडलं. ताई, ते गेलं! ना इंजिन, ना पंखा, नुसतं हवेवर टेकून गेलं, कातळाच्या पार त्या टोकाला, आणि पडलं नाही. उतरलं. सावकाश, कुणी हाताने ठेवावं तसं गवतात. मी धावत गेलो, उचललं, परत सोडलं. अंधार पडेपर्यंत तेच. मला इतके दिवस वाटायचं, विमान वर धरून ठेवलेलं असतं आणि हात सुटला की संपलं. तसं नाही. त्याला हवा धरता येते.

त्या दिवशी घरी येताना तळहात बघितले. कोरडे.

आता वाईट बातमी. जहाजाची तारीख लागली. ते पोचेपर्यंत तुमचा मुहूर्त होऊन जाईल. हे वाचून तू पत्र फाडशील, थांब, फाडू नकोस. मी काल विमानाचं तिकीट काढलं. रद्द करता येत नाही असलंच काढलं, मुद्दाम. बेल मारायची सोय नको. पैसे भरले आणि मग तासभर बंदरात फेऱ्या मारल्या, कारण हात पुन्हा थोडे ओले झाले होते. खोटं कशाला सांगू.

शिमग्याला अख्खी मुंबई गावाला येणार, आणि मी गावातून बाहेर पडणार. आई म्हणाली, "पालखी दारात येईल नि हा ढगात." मग आत गेली आणि मांदेली निवडायला बसली, तुझ्यासाठी.

मैना चांगली आहे. म्हणजे स्वभावाने. सहज लिहिलं.

तुझा,
सर्वेश


विमानात, खिडकीची जागा
१६ मार्च

ताई,

हे पोस्टात टाकायचं नाही, हातातच देणार आहे. पण हात रिकामा ठेवला तर तो खुर्चीचा दांडा धरून बसतो, म्हणून लिहितोय. अक्षर हलतंय ते विमानामुळे. बरं, थोडं माझ्यामुळे.

काल हातखंब्याला मुंबईची गाडी पकडली. मैना आली होती सोडायला. सुट्टी काढून. आई पण होती. दोघींचं आता इतकं जमतं की मला बोलायला मिळालं नाही. आई तिला म्हणे, "तुझ्या घारींना सांग, यंदा मांदेली आमच्या अंगणात सुकली." आणि ती म्हणे, "सांगते मावशी, पत्ता पण देते." गाडी सुटताना मैनाने खिडकीतून माझ्या हातात काहीतरी कोंबलं. शिशाची गोळी. थर्माकोलच्या विमानाची.

मुंबईत तपासणीला तीच सापडली. पोलीस म्हणाला, "हे काय?"

म्हटलं, "साहेब, नाकाला वजन."

"कुणाच्या?"

"माझ्याच."

त्याने माझ्याकडे बघितलं, गोळीकडे बघितलं आणि जा म्हणाला. रांगेतल्या लोकांनी पुढच्या दाराशी माझ्यापासून जरा अंतर ठेवलं.

पहिलं विमान चेन्नईपर्यंतचं. दार लागलं, तो आवाज मी ऐकला आणि आतलं सगळं उठून उभं राहिलं, बेल कुठे आहे म्हणून. मग खिडकीतून ती वाऱ्याची पिशवी दिसली, लांब, तिकडच्या खांबावर. फुगलेली. आणि आमचं विमान वळून बरोबर तिच्या तोंडाला उभं राहिलं. मी मनात म्हटलं, घे, समोरचा वारा घे. धावलं, धावलं, चाकांची खडखड एकदम बंद झाली, आणि ताई, मी मोठ्याने हसलो! शेजारचा माणूस दचकला. पंखाचं टोक वर वाकलं होतं, भरलेल्या जाळ्याच्या काठीसारखं. मोडत नाही ते, वाकतं म्हणूनच टिकतं, हे मी त्याला सगळं सांगितलं. त्याने डोळ्यांवर रुमाल टाकला.

चेन्नईत विमान बदललं. हे दुसरं. खाली आता नुसतं पाणी, आणि त्यावर एक बोट, तांदळाच्या दाण्याएवढी. मला वाटलं, त्यावर कुणीतरी असेल जाळं ओढत, वर बघून म्हणत असेल, हे पोर्ट ब्लेअरचं. मी हात हलवला. वेडा म्हण.

शेजारी आता एक म्हातारी आहे, भाषा कळत नाही. मघाशी विमान जरा हादरलं तर तिने माझा हात गच्च धरला. मी तिला पिशवीतला लाडू दिला, पंखाकडे बोट दाखवलं, हाताने विमान करून दाखवलं, असं असं, मग सावकाश खाली, गवतात. ती हसली. हात अजून धरून आहे, कागद मांडीवर ठेवून एकाच हाताने लिहितोय. ताई, कुणीतरी माझ्या आधाराने बसलंय, असं कधी झालंय का?

आईची मांदेली खाली सामानात आहे, पाच पिशव्यांत गुंडाळून. जी विमानाच्या वाटेतून हाकलली, तीच आता विमानात बसून येतेय. घारींना सांगायला हवं.

आणखी एक. आयुष्यात पहिल्यांदा मी परतीचं तिकीट काढलंय. तारखेसकट. का काढलं ते समोर बसून विचार, सांगेन. तुला अंदाज आला असेलच, तुला नेहमी येतो.

आत्ताच पंखाच्या फळ्या बाहेर आल्या. घरघर झाली, म्हातारीने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, बरोबर आहे म्हणून. खाली हिरवं दिसतंय. न्हाव्याला थांबवून ठेव. ओमूची लाल रबरं टाकू नकोस, मला हवी आहेत, थर्माकोलच्या विमानाला उपयोगी पडतील आणि त्याला ते शिकवायचं आहे.

तू मागितलेली मांडी पाठवतोय. नीट पट्टा बांधून. वरचा मामाही सोबत आहे, मध्येच कुठे उतरलेला नाही.

तुझा,
सर्वेश