एका तारेवर दोन घरं

७ जानेवारी २००७, रविवार
औरंगाबादच्या मॅडम टायपायला पाठवतात ती पानं नेटवरून उतरवत होते. अर्ध्याच्या वर आली आणि नेट तुटलं. पुन्हा लावलं, मोडेम चिरचिरला, जोडलं, पुन्हा तुटलं. हे रोजचंच झालं, म्हणून ह्याच्यापुढं फक्त ने.तु. लिहीन. हात दुखतो.
आपल्या घरात कोणी रिसीव्हर उचलला नव्हता. अण्णा, म्हणजे सासरे, अंगणात बशीत चहा ओतून बसल्ते, डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे उचलला तो बाबूकाकांनी. सासऱ्यांचे धाकटे भाऊ, गोठ्यापलीकडचं घर. घरात फोन बसला तेव्हा दोघांची चूल एक होती, म्हणून एकच कनेक्शन आणि त्यांच्या खोलीत त्याच तारेवर दुसरा फोन. पुढं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वाजलं, चुली वेगळ्या, बोलणं बंद. तार तेवढी राहिली. तिकडं उचलला की इकडं माझं नेट मरतं. मुद्दाम करून राह्यलेत, दुसरं काय.

९ जाने.
संध्याकाळी मॅडमचा फोन लागला एकदाचा. "सुरेखा, दिवसभर एंगेज! मी कुणाशी बोलायचं?" मार्चपासून जुन्या पुस्तकांची पानं फोटो काढून येणार, चारपट जड. टायपिंग तुझंच चांगलं आहे, पण ब्रॉडबँड घे, नाहीतर मला हे काम औरंगाबादेतच कोणाला तरी द्यावं लागेल, असं साफ बोलल्या. रागावून नाही, म्हणून जास्त लागलं.
लग्नाला अकरा वर्षं झाली. ह्या घरात माझ्या नावानं आलेलं पहिलं काम आहे हे. सोडणार न्हाई.

१० जाने.
हे शाळेतून आले (जाफराबादला शिक्षक, येऊन-जाऊन करतात). म्हणाले, "तिथं ब्रॉडबँड आलंय. एक खोली बघू. तू माझ्यासोबत सकाळी चल, संध्याकाळी परत ये." म्हणजे जीपमधी कोंबून जायचं, परक्या खोलीत टायपायचं, पुन्हा कोंबून यायचं, आणि आल्यावर धारा आहेतच. माझं टेबल हितं आहे. मी हितंच बसून करणार. त्यांना सांगितलं. ते पेपर वाचत बसले.
ने.तु. दोनदा.

१२ जाने.
केदारखेड्यात एक्स्चेंजला जाऊन आले. आपल्या एक्स्चेंजलाबी ब्रॉडबँडची मशीन बसली आहे! कोणी सांगायला तयार न्हाई, विचारावं लागतं. आपल्या वस्तीपोतर सिग्नल टिकंल का, हे लाइनमन इंगळे येऊन बघणार.

१४ जाने., संक्रांत
घरोघर तिळगूळ दिला. गोठ्यापलीकडं न्हाई. यंदाबी.

१८ जाने.
इंगळे आला. खांबापासून तार बघत घरात, तिथून भिंतीच्या भोकातून पलीकडं. "वहिनी, एका तारेवर दोन फोन हायेत. ते तिकडचं काढून टाका, मंग ब्रॉडबँड बराबर चालंल."
मला इतका आनंद झाला. एका कटात दोन्ही त्रास गेले असते. अण्णांना सांगितलं.
"काढायचं न्हाई."
का म्हणून विचारलं तर "न्हाई म्हनलं ना," आणि गोठ्यात गेले. इंगळे पकड घेऊन उभा, मी त्याच्याकडं बघत उभी. चहा पाजून वाटेला लावला.

१९ जाने.
ह्यांना म्हटलं, तुम्ही बोला अण्णांशी. "तूच बोल, तुझं ऐकतात." बाई गं. बोलले पुन्हा.
अण्णा: "बोलनं बंद हाये. तार न्हाई."
मग त्या तारेचा उपयोग काय? विचारलं तर जेवायला बसले. जेवताना भाजीला नावं ठेवली, ती मात्र बराबर.
बिल आपण भरायचं, फोन त्यांनी वापरायचा, वर माझंच नेट तोडायचं. माझा संताप संताप झाला.

२१ जाने., रविवार
नेट लवकर बंद केलं, धुणं होतं. लगेच आत्याबाईंचा फोन. दोघा भावांची थोरली बहीण, जालन्यात मस्तगडला राहतात. अण्णा मळ्यात गेल्ते, मी उचलला. उचलताच तारेवर कट् असा आवाज झाला, तिकडंबी उचलला होता. आत्याबाईंनी सुरू केलं, गुडघा, नातवाची सोयरीक, नव्या नळाचं पाणी. मोठ्यानं बोलतात, मला वाटायचं ऐकायला कमी येतं. मग एकदम, "अन् बीपीची गोळी घेऊन राह्यला का रोज?"
मी म्हटलं, आत्याबाई, अण्णांना बीपी न्हाई.
"तुला न्हाई विचारलं गं."
तारेवर कोणीतरी खोकलं. एकदाच. आत्याबाई म्हणाल्या, "बरं," आणि पुन्हा नळावर आल्या.

दुपारी अण्णांना धरलं. खाली बघत बोलले. "रविवारचा फोन दोघाचा असतो. ती मला इचारती, तो ऐकतो. त्याला इचारती, मी ऐकतो."
किती वर्षं चाललंय हे? मी ह्याच घरात आहे ना?
आणि सकाळी सकाळी बाबूकाका उचलतात ते? "लाइन चालू हाये का बघत आसंल. तुझं यंत्र लागल्यापासून अक्काचा फोन लागतच न्हाई सकाळचा."
घ्या. मी म्हणून राह्यले ते माझं नेट तोडतात, आणि सकाळभर त्यांची बहीण मी अडवून धरलेली. वाईट वाटलं. पण वाईट वाटून पानं उतरत न्हाईत.

२२ जाने.
विचार केला. तार तोडली तर ह्या दोघांचं उरलंसुरलं तुटतं. डायलअप ठेवलं तर आत्याबाईंचा फोन लागत न्हाई आणि मार्चपासून माझं काम जातं. डायलअप जाणार. तार राहणार. कसं ते एक्स्चेंजवाले सांगतील, पगार घेतात.

२३ जाने.
एक्स्चेंजला साहेब जागेवर येईपर्यंत बाकड्यावर बसून राहिले. निघालाच मार्ग! दर फोनला एक छोटी डबी लावायची, तिला फिल्टर म्हणतात. मग फोनबी चालतो, नेटबी. पण एका घरी लावून भागत न्हाई, तारेवर जितके फोन तितक्या डब्या. शिवाय अंतर जास्त, गॅरंटी देत न्हाई म्हणाले. अर्ज भरून दिला.
इंगळे म्हणतो, डबी मी लावतो, पण त्या घरात कोण सांगनार? मी न्हाई, मागं कुत्रं सोडल्तं.

२८ जाने., रविवार
गेले. गोठ्यापलीकडं, कोणाला न सांगता. काकूंनी चटई टाकली, माझ्याकडं बघून पदर डोळ्याला लावला, मलाच कसंसं झालं. बाबूकाका खाटेवर, तोंड भिंतीकडं.
"तार तोडायची म्हनून आली का?"
म्हटलं, न्हाई काका. राहावी म्हणून आले. डबीचं सांगितलं. सगळं ऐकून घेतलं.
"आवाज येईल ना बराबर? तिचा?"
येईल म्हटलं. मला तरी कुठं माहीत.
"मंग त्याला सांगाय लाव. फोन त्याच्या नावावर हाये. माझ्या घरात काय बसवायचं तर त्यानं म्हनावं."
चहा पिऊन आले. गोड फार होता.

२९ जाने.
अण्णा: "मी? त्याला? बिलकुल न्हाई." मी म्हटलं, मग मी जाफराबादला खोली घेते. घेणार नव्हते, पण बोलून गेले. संध्याकाळची धार अण्णांनीच काढली.

९ फेब्रु.
आपल्या घरी ब्रॉडबँड बसलं!! डबी, मोडेम, चार दिवे. एक दिवा लुकलुकत राहिला, मग ठरला. मॅडमची पानं चहा उकळेपर्यंत आली सगळी. वर नेट चालू असताना फोन वाजला, मी वेड्यासारखी हसले. हे म्हणाले, "झालं ना तुझं?" न्हाई झालं. तिकडं डबी न्हाई, त्यामुळं बाबूकाकांनी उचलला की दिवा जातो. ने.तु. आहेच.

११ फेब्रु., रविवार
मी मॅडमला टाइप केलेलं पाठवत होते. आत्याबाईंचा फोन आला. अण्णांनी उचलला, पलीकडं कट् झालं, दिवा गेला. काम अर्ध्यात. मी नुसतं अण्णांकडं बघितलं.
अण्णा तारेवर म्हणाले, "अक्का, थांब जरा." मग रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला.
"बाबू."
अण्णांनी घसा खाकरला.
"बाबू, सुरेखाचं काम तुटून राह्यलं. इंगळे येईल उद्या डबी घेऊन. बसवू दे."
कट्. तिकडं ठेवला. जरा वेळानं दिवा ठरला.
अण्णा रिसीव्हर धरून तसेच उभे. त्यातून आत्याबाईंचा आवाज मला टेबलापर्यंत ऐकू येत होता. "काय म्हनला? आरं, काय म्हनला तो?"
"ठेवला त्यानं," अण्णा म्हणाले.

१२ फेब्रु.
इंगळे डबी घेऊन गोठ्यापलीकडं गेलाय. कुत्रं भुंकलं न्हाई. अजून आला न्हाई. अण्णा सकाळपासून दावं वळत बसलेत, दावं कधीचं झालंय.
मी मॅडमला मेल टाकून दिला. मार्चची पानं मलाच पाठवा.