पाऱ्याचा ठिपका

३ नोव्हेंबर २०२५

गोव्यात सर्वणला पोचलो एकदाचा. हवेतला पारा मोजायची नोकरी. आमच्या बेळगावात सांगितलं की लोक हसतात, हसू देत. काम सोपं आहे. यंत्र मोजतं, संगणक अंदाज बांधतो, आपण दोन्ही आकडे शेजारी मांडायचे. घरमालकीण चंद्रावतीताई मायाळू बाई. पदेराकडचे गरम उंडे, म्हणजे गोल पाव, पुढ्यात ठेवून म्हणाल्या, तुझ्या आधीचा सिद्धेश जेवायचाच नाही रे बाबा, तू तरी पोटभर जेव. मी लाजलो नाही. रविवारी घरी जायचंय. बायकोचं, प्रतीक्षाचं डोहाळजेवण, सातवा महिना.

६ नोव्हेंबर

संगणक म्हणतो घनमीटरला दीड नॅनोग्रॅम, यंत्र दाखवतं बावीस. पणजीच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, यंत्र जुनं आहे, जास्तीचे वजा करत जा, सिद्धेशही तेच करायचा. माझ्या बापाचं काय जातंय? केले वजा. मी चहाला बाहेर होतो तेवढा वेळ मात्र यंत्राचाही आकडा दीडच होता.

१० नोव्हेंबर

कार्यक्रम झकास झाला. माझ्या ताटातला घास प्रतीक्षाला भरवला, बायकांनी जाम चिडवलं. तोंडात नाणं धरल्यासारखी चव येते हल्ली. पित्त असेल.

१२ नोव्हेंबर

संगणकाला उलटं विचारलं, हा पारा सुटतो कुठून? त्यानं रोजचा एकेक ठिपका दिला. मंगळवारी आमोणे. शुक्रवारी साखळीचा बाजार. रविवारी बेळगाव, आमची गल्ली.

मी जिथं गेलो तिथंच.

१३ नोव्हेंबर

यंत्राचं झाकण आज उघडलं. आधी उघडायचं सोडून वजाबाकी करत बसलो, गाढव मी. आत सिद्धेशचं अक्षर. यंत्र बरोबर आहे, पारा माझ्या श्वासात आहे, घरी जाऊ नको.

ताईंना विचारलं, तो असतो कुठं? त्या रडल्या. म्हणाल्या, याच खोलीत वारला, तुझ्याच खाटेवर.

१५ नोव्हेंबर

आता ठिपके दोन. दुसरा बेळगावात, आमच्या घरावर. प्रतीक्षा फोनवर म्हणाली, तिच्याही तोंडाला नाण्याची चव येते, डोहाळेच असतील. तिकडे येते म्हणाली, येऊ नको म्हणालो. कारण विचारलं तर काय सांगू —

१६ नोव्हेंबर

तिचा फोन लागत नाही. आई म्हणते, तुझा आवाज ऐकून तिला राहवेना, सकाळच्या गाडीनं निघाली.

दुसरा ठिपका चोर्ला घाटात. उतरतोय.

पळालो तर माझा ठिपका जाईल तिथं — दाराला कडी घातली.

ठिपका साखळीच्या बाजारात.

रिक्षा थांबली. ताई तिला आत बोलावतायत. चुकलं माझं, तो घास —

तिच्या ठिपक्याच्या आत अजून एक. मोहरीएवढा. तो वाढ —