काटेरी खेकडा किती वेळ उकळायचा

न्यूलिन, कॉर्नवॉल
१५ मे २०२२

प्रिय टॅमसिन,

तू आणि यान मजेत असाल. आम्ही दोघं बरे आहोत. हे पत्र आधी कच्चं लिहिलं, शब्द तपासले, मग उतरवलं. तरी चूक दिसली तर हसू नकोस. शाळा मी अर्धवट सोडली, तू शिकवलेलं शुद्धलेखन नाही.

काटेरी खेकड्यांचा हंगाम जोरात आहे. पण गाडी तुमच्या फ्रान्सकडे निघण्याआधी कागदांवर सह्या लागतात, पुढे बंदरात रांग, आणि तोवर निम्मा माल मरतो. परवा व्यापाऱ्याने आमच्या पेट्या धक्क्यावरच ठेवल्या. "नको रे राजा, माझंच नुकसान होतं," म्हणाला. मागून कुणीतरी बाबांना म्हणालं, "देश परत हवा होता ना, दादा? घ्या, खेकडेही परत आले." सगळे हसले. बाबाही हसले, पण जरा उशिरा.

युरोपीय संघातून बाहेर पडायच्या त्या मतदानाच्या आदल्या दिवसाचं जेवण मी या पत्रात काढणार नव्हतो. पण ते टाळून पुढचं सांगता येत नाही. तू म्हणालीस, "ज्याला आपण हात लावत नाही तो खेकडा ते लोक आवडीने खातात. त्यांच्याशी संबंध तोडल्यावर कोण खाणार तो, बाबा?"

"मी खाईन," बाबा म्हणाले. "आजोबांची होडी त्यांच्या नियमांपायी मोडीत निघाली, ते विसरलीस? आणि तुला तिकडचाच नवरा करायचाय. जा मग."

तू गेलीस. मी मधे बसून बटाटे खात होतो.

आपण चुकलो असं बाबा अजूनही म्हणत नाहीत. मीही विचारत नाही. पण काल त्यांनी दोन काटेरी खेकडे घरी आणले आणि नेहमीच्या तांबड्या खेकड्यासारखे उकळले. मांस सुतळीसारखं झालं. एक त्यांनी व्हिनेगर ओतून, मान खाली घालून, शेवटच्या तंगडीपर्यंत खाल्ला. दुसरा मला दिला नाही. तो टेबलाच्या त्या टोकाला ठेवला, जिथे तू बसायचीस. तेवढीच जागा रिकामी होती म्हणूनही असेल.

मग म्हणाले, "ते लोक किती वेळ उकळतात, कुणाला तरी विचारायला पाहिजे."

"कुणाला?"

"तू बघ. तुला लिहिता येतं."

तुझं नाव त्यांनी घेतलं नाही. पण टेबल आवरताना तो दुसरा खेकडा मी उचलायला गेलो, तर म्हणाले, "राहू दे."

पत्र पुन्हा वाचलं. सुरुवातीला 'आम्ही दोघं बरे आहोत' असं लिहिलंय. त्यातले शब्द बरोबर आहेत, वाक्य बरोबर नाही.

तेव्हा किती वेळ उकळायचा ते मला कळवू नकोस. तेवढं कळलं की बाबांना तुला विचारण्यासारखं काही उरणार नाही. हंगाम अजून महिनाभर आहे. ये आणि त्यांच्याशेजारी उभी राहून दाखव. यानलाही आण. बाबा पहिल्या दिवशी बोलणार नाहीत, ते मनावर घेऊ नकोस. मोठं पातेलं मी घासून ठेवलंय.

टेबलाच्या या टोकाहून,
तुझा धाकटा
पेरन