उरायासुच्या खाडीतला जिताडा

४ नोव्हें., मंगळ.
तवा गेला. सा.ने फेकला. (सा. म्हणजे सासूबाई. पूर्ण शब्द लिहायचीसुद्धा इच्छा नाही.) ऑफिसातून येऊन खालचं कपाट उघडलं तर तिथे वर्तमानपत्र अंथरलेलं आणि त्यावर साबुदाण्याचा डबा. माहेरचा बिडाचा तवा, फक्त माशांचा, लग्नाआधी ठरल्याप्रमाणे वेगळा ठेवलेला. अकरा वर्षं त्याने कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं.
विचारलं. "अगं, वास येत होता त्याला. तसंही आमच्याकडे हे चालत नाही."
आमच्याकडे! या घराच्या करारावर सही माझी आहे.
निखिल लॅपटॉपमधून मान वर न करता, "आई जानेवारीत जातेच आहे. तोवर ॲडजस्ट कर ना, मुक्ता."
चपला घालून बाहेर पडले.

तीच रात्र, पुढे. खाली कचऱ्याच्या जागी एकच पिशवी उरलेली. आमची. सा.ने लोखंड जळणाऱ्या कचऱ्यात टाकलं, गाडीवाल्यांनी पिशवीवर लाल चिठ्ठी चिकटवून तशीच ठेवली. पारदर्शक पिशवी, बटाट्याच्या सालांत माझा तवा, दिवसभर अख्ख्या इमारतीने पाहिला असणार. घेतला. घरी परत जायचं नव्हतं, म्हणून तवा हातात घेऊन खाडीपर्यंत चालत गेले. समोरून येणाऱ्या सायकलवाल्याने वाट बदलली.
पुलाखाली एक माणूस गळ टाकून उभा. मी बघताबघता त्याने मासा ओढला. दिव्यात चकाकला. लांबट, रुपेरी, मोठ्या तोंडाचा. जिताडाच! म्हणजे त्याचा इकडचा, जपानी भाऊ. माणसाने मोजपट्टी लावली, फोटो काढला आणि परत पाण्यात सोडून दिला.
सोडून दिला!! मी तवा घेऊन उभी आणि तो जिताडा सोडतोय.

८ नोव्हें., शनि.
जुन्या सामानाच्या दुकानातून रॉड, रीळ, लाइफ जॅकेट, लांब दांड्याची जाळी आणि दोन खोटे मासे आणले. याचं इथलं नाव सुझुकी. दिवसा खोल असतो, रात्री पुलाच्या दिव्यापाशी येतो. उजेडात छोटे मासे जमतात आणि हा बाजूच्या सावलीत दबा धरून बसतो. व्हिडिओ बघून गाठ मारायला शिकले. बोटाला दोनदा टोचलं.
सा.: "रात्रीचं बाईमाणसाने खाडीवर? लोक काय म्हणतील?"
"इथे आपल्याला ओळखतं कोण, आई? म्हणजे, तव्याच्या आधी कुणी ओळखत नव्हतं."
त्यांनी पोथी उघडली. निखिलने मला डोळ्याने खुणावलं. त्या खुणेचा मला मनापासून कंटाळा आलाय.

११ नोव्हें., मंगळ.
पहिली रात्र. तोच माणूस होता, कानापर्यंत टोपी ओढलेला. मी मान वाकवून 'कोम्बानवा', शुभ संध्याकाळ, म्हटलं, त्याने अर्धी मान हलवली. डोक्याला दिवा लावून मासे दिसतात का म्हणून पाण्यावर मारला. टोपीवाला असा खेकसला की हातातला रॉड पडणार होता. "रायतो!" म्हणजे दिवा. मग जीभ टाळ्याला लावून च्यक्. उजेड पाण्यावर पडला की मासे पळतात, हे व्हिडिओत होतं. मी तो भाग पुढे ढकलला होता.
माफी मागितली. तो सरकून दूर गेला. नंतर माझा गळ पुलाच्या खांबाला अडकला, तुटला, एक खोटा मासा गेला. परत च्यक्. घरात एक आणि इथे एक.
पण थंडी, पाण्याचा वास, कुणी काही विचारत नाही. दोन तास बरे गेले.

१५ नोव्हें., शनि.
दुपारी ईराचे केस विंचरत होते. "ममा, पुण्याच्या स्कूलमध्ये लंचला काय देतात?"
"कुठलं पुणं?"
"आजी सेड. फ्रॉम एप्रिल. पापाने ऑफिसमध्ये सांगितलंय." मग आरशात माझा चेहरा बघून, "यादा. आय ॲम नॉट गोइंग." नको असलेल्या प्रत्येक गोष्टीला तिचं हे जपानी यादा असतं. भेंडीला पण. आज तिच्या सुरात सूर मिसळावासा वाटला.
सा. बाल्कनीत बहिणीशी व्हिडिओवर, "हो हो, एप्रिलपासून सगळे आपल्याकडेच. वरची खोली रंगवून घेते."
म्हणजे वरच्या खोलीचा रंगसुद्धा ठरला. माझी इथली नोकरी उन्हाळ्यात पक्की झाली, त्यासाठी दोन वर्षं जपानी परीक्षा देत बसले, आणि मला हे आठ वर्षांच्या पोरीकडून कळतंय.
 

१६ नोव्हें., रवि.
निखिलला जिन्यात गाठलं. "होकार दिलास?"
"तसा फायनल नाही गं. आईला एकटीला होत नाही आता. तुला सांगणारच होतो, नीट वेळ बघून."
"त्यांना सांगायला बरी वेळ सापडली."
"आईसमोर विषय काढू नकोस, प्लीज. तिला त्रास होतो."
आईसमोर नको. हे वाक्य याचं कुलदैवत आहे. पहिल्या वर्षी पेणला आला तेव्हाही हेच. आमच्याकडे जावई आला की बाबा तळ्यातला जिताडा काढतात, डोक्याचा तुकडा जावयाच्या पानात, तोच त्याचा मान. मी म्हटलं हा खात नाही. बाबांचा चेहरा पडला. यानेच हळूच पान पुढे केलं, आणि संपवून परत मागितला. निघताना मला बाजूला घेऊन, "आईसमोर बोलू नकोस हं." अकरा वर्षं पेणला मिटक्या मारतोय आणि पुण्यात गंध लावून बसतोय. मी अकरा वर्षं गप्प. तेव्हा मला ते प्रेम वाटायचं. आता फुकट राबवून घेतल्यासारखं वाटतं.

१८ नोव्हें., मंगळ.
काही नाही. वारा. टोपीवाला होता.  दिवा गळ्यात उलटा लटकवते आता, गाठ मारायची तर पाण्याकडे पाठ करते. च्यक् आला नाही.
घरी सा. जाग्या. "मुलीची आई आहेस तू."
"हो. म्हणूनच."  पुढचं आता सुचतंय, तर त्या घोरतायत.

२१ नोव्हें., शुक्र.
आला!!
अमावास्या कालची, त्यामुळे ओहोटीला जोर. उजेडात टाकून हळूहळू सावलीत आणत होते. सावलीच्या कडेला धप्पकन ओढ. मला वाटलं परत खांब. मग खांब पळायला लागला. पाण्याबाहेर उसळून डोकं झाडलं त्याने, मी मराठीत किंचाळले. हाताला पेटके आले. जाळी मागे राहिलेली, सोडायला हात नाही. टोपीवाल्याने च्यक् केलं, जाळी उचलली, खाली वाकून मासा घेतला. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत हात, त्याहून मोठा.
तो सोडायला निघाला तसा मी जाळीचा दांडा धरला. "ताबेरु नो?" खाणार?
"ताबेमास." खाणार.
त्याने नाक मुरडलं. खाडीकडे बोट, मग नाकाकडे बोट. वास येतो म्हणे. घरीही हेच ऐकते मी.
तिथेच साफ केला, कल्ल्याच्या काट्याने अंगठा कापला. पिशवीत बर्फ, बर्फावर मासा, खाली तवा. तवा त्या दिवसापासून याच पिशवीत राहतो.

२२ नोव्हें., शनि.
सगळं लिहून ठेवते.
दुपारी जेवणाच्या वेळेला, दिवसाउजेडी, खिडक्या उघड्या ठेवून. चोरून करायचं नव्हतं. हळद, तिखट, कोकमाचं आगळ, तांदळाचं पीठ. तवा तापला तसं घर पेणसारखं झालं. सा. पदर नाकाला लावून दारात. "निखिल! बघ ही काय करतेय!"
निखिल आला. "मुक्ता, काय हे."
चार पानं मांडली. सा.ना वरण-भात, वेगळ्या भांड्यातला, त्यांच्या हातचा. मी वाढला तो फक्त जिताडा. डोक्याचा तुकडा निखिलच्या पानात.
"जावयाचा मान," म्हटलं. "बाबा इथे नाहीत, म्हणून मी पकडला."
सा. हसल्या. "अगं वेडी का काय? तो शिवणार पण नाही."
निखिल पानाकडे बघत होता. मी म्हटलं, "नको असेल तर तसं सांग. आईंना सांग की तू कधी खाल्ला नाहीस. मी मध्ये बोलणार नाही."
 ईरा म्हणाली, "पापा, इट्स गेटिंग कोल्ड."
तो "नाही आई, मी..." म्हणाला आणि पान बाजूला करायला हात पुढे केला. पानापाशी गेल्यावर हात थांबला. अंगठ्याने कल्ल्याजवळचं मांस दाबलं, गालाचा मऊ भाग अख्खा सोडवला, काटा न मोडता काढून ताटाच्या डाव्या कडेला ठेवला. त्याला कळलंही नसावं. जन्मात मासा न खाल्लेल्याला ते जमत नाही.
सा. त्याच्या बोटांकडे बघत होत्या. त्याच्या तोंडाकडे नाही, बोटांकडे.
"किती वर्षं?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.
 निखिलने तो घास खाल्ला. खाली मान घालून, पण खाल्ला. सा. वरण-भात तसाच टाकून उठल्या.
मला वाटलं होतं बरं वाटेल. थोडं वाटलं. खोटं कशाला लिहू, चांगलंच वाटलं. मग त्यांच्या खोलीचं दार लागलं, जोरात नाही, हळू. ते मात्र लागलं मला.
रात्री निखिलला: "हे एवढं निघालं बाहेर. आता एप्रिलचं काढ. आईंसमोर. मी राजीनामा देणार नाही, आणि ईराही इथेच राहणार. तुला जायचं असेल तर जा."
"तू मला कोपऱ्यात घेतेयस."
"हो."

२३ नोव्हें., रवि.
सा. बोलत नाहीत. माझ्याशी नेहमीचंच, पण त्याच्याशीही नाही. सकाळी ओट्यावर तवा पालथा घातलेला, घासलेला, तेल लावलेला. मी घासला नव्हता. निखिल म्हणतो मी पण नाही. ईराला ओट्यावर हात पुरत नाही.
विचारायला जाणार नाही मी.
संध्याकाळी पिशवी भरत होते. निखिल दारात. "आज परत?"
"ओहोटी अजून आहे."
"एप्रिलचं ऑफिसला काय सांगू मी?"
सा.च्या खोलीचं दार बोटभर उघडं होतं. आतला दिवा चालू.
"मोठ्याने विचार," म्हटलं, आणि जॅकेटचे पट्टे आवळत उभी राहिले.